तपेल्याच्या जागी लिंबू

१

शुक्रवारी सकाळी नऊला विशाखाचा फोन आला. "सलील, तपेलं गेलं. आणि त्याच्या जागी कोणीतरी लिंबू ठेवलंय."

मी चहासुद्धा घेतला नव्हता. तसाच अझैब्याहून निघालो आणि मस्कतमधल्याच बौशरच्या हॉलवर पोचलो. मी आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हणजे काय, तर ज्याच्या नावाने सगळ्यांनी शंख करायचा तो.

त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता आमचं 'घरोघरचा इतिहास' हे प्रदर्शन उघडायचं होतं. लोकांनी घरातल्या जुन्या वस्तू आणल्या होत्या: जातं, पानपुडा, कुणाच्या आजोबांचा चष्मा. पण सगळ्यांत भारी वस्तू आणली होती रामकृष्ण तावडेने. हा खेडकडचा. इथल्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये सव्वीस वर्षं आचारी, आणि मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाचा स्वयंपाक त्याच्या हातचा. पुढच्या गुरुवारी तो कायमचा गावी चालला होता. त्याने मागच्या रजेत गावाहून गोणपाटात गुंडाळून एक तांब्याचं तपेलं आणलं होतं. दहा-बारा किलोचं, बाहेरून काजळीने काळंकुट्ट, आणि काठाखाली इंग्रजी अक्षरांचा एक शिक्का.

तो शिक्का होता दख्खन व्हॉलंटियर रायफल्सचा. इंग्रजांच्या काळात रेल्वेतले, कचेऱ्यांतले गोरे साहेब हौसेने अशा पलटणीत नाव घालायचे. वर्षभर टेबलावर काम, आणि डिसेंबरात पंधरा दिवस इगतपुरीजवळच्या माळावर तंबू ठोकून कवायत, नेमबाजी, बिगुल. त्या वार्षिक छावणीत रामकृष्णचा पणजोबा गोपाळ तावडे खानसामा होता. "साहेबांनी खूश होऊन भेट दिलं," एवढंच रामकृष्णला ठाऊक होतं. घरात ते पिढ्यान्‌पिढ्या न्हाणीघराच्या चुलीवर पाणी तापवायला होतं, त्यामुळे बाहेरून कधी कुणी घासलंच नाही. रामकृष्ण इथे घासायला निघाला, तर विशाखाने अडवलं. "घासू नका हो, अँटिक लुक जाईल." सजावट तिच्याकडे होती आणि तिचं मत म्हणजे ठराव.

आता त्या पांढऱ्या चादरीवर तपेल्याच्या बुडाचा काळा गोल तेवढा होता. त्याच्या कडेला पालथं पडलेलं अर्धं लिंबू. विशाखा पाच हात लांब उभी होती. आमचा एसी आणि दिव्यांचा माणूस धनेश, मालवणचा, तो तर दहा हात लांब.

"ह्याका कोणी हात लावू नकात," धनेश म्हणाला. "उतरवलेला दिसता."

मी शिकलेला माणूस. तरी मीही त्या लिंबाला वळसा घालूनच पुढे गेलो.

तेवढ्यात जयप्रकाश नाबर आले. मंडळाचे ज्येष्ठ सभासद, रिटायरमेंटच्या उंबरठ्यावरचे मोठे मॅनेजर, कंबरेवर हात ठेवूनच आत शिरले. त्यांनी रिकामी जागा पाहिली, लिंबू पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

"मला हे कालच अपेक्षित होतं. चोराचा पणतू, दुसरं काय करणार?"

मी वळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात हातात झारा घेऊन रामकृष्ण उभा होता.

२

जयप्रकाशरावांच्या त्या वाक्याला एक आधार होता, आणि तो तपेल्याच्या शेजारीच काचेच्या पेटीत ठेवलेला होता.

त्यांचे पणजोबा सखाराम नाबर त्याच पलटणीचे हेडक्लार्क. त्यांच्यावर जयप्रकाशरावांनी पुस्तक लिहिलं होतं, 'छावणीचे कारभारी'. त्याचं प्रकाशन त्याच संध्याकाळी. पुस्तकातला सर्वांत रंगतदार प्रसंग कोणता, तर सखारामपंतांनी भांडीचोर खानसामा कसा पकडला. पुरावा म्हणून १९१३ च्या छावणीचा छापील अहवाल त्यांच्याकडे होता. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: मेसचं एक मोठं तांब्याचं भांडं गहाळ, खानसामा गोपाळ यास दाखल्याविना काढून टाकलं. त्या काळी साहेबाचा दाखला नाही म्हणजे पुन्हा कुठल्याही बंगल्यात चूल पेटवायला मिळणार नाही.

आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी, हॉल लावताना रामकृष्णने भोळेपणाने पणजोबांचं नाव सांगितलं आणि जयप्रकाशराव उडालेच. चोरीचा माल शंभर वर्षांनी मस्कतमध्ये सापडला. त्यांनी लगेच घरून अहवाल आणून ते पान उघडून तपेल्याशेजारी मांडलं. रामकृष्णला इंग्रजी वाचता येत नाही. शेवटी मीच वाचून दाखवलं. मराठीत सांगताना मला लाज वाटत होती, पण सांगितलं. तो चणे भिजत घालायला निघून गेला.

आता मात्र तो बोलला. झारा टेबलावर ठेवला, कंबरेचा पंचा सोडला.

"मी नाय नेलं. पण तुमी म्हणताव तर म्हना. आज माज्या हातचं कुनी खाऊ नका. चोराच्या हातचं कशाला?"

दोनशे माणसांचं जेवण होतं. पण मला काळजी लागली ती जेवणाची नाही. हा माणूस सहा दिवसांनी घरी जाणार होता. जयप्रकाशराव त्यांचं पुस्तक रत्नागिरी आणि नाशिकच्या वाचनालयांना पाठवणार होते, खेडलाही. सव्वीस वर्षं वाळवंटात चूल सांभाळून गावी काय न्यायचं, तर पणजोबा चोर, आणि आता पणतूही.

आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटत होतं की त्यानेच नेलं. अपमान झाला, वस्तू लपवली. माझ्या मते हिशोब सरळ होता. ज्याचा तो पुरावा होता ते जयप्रकाशराव कशाला लपवतील?

"प्रेमाताईंना बोलावते," विशाखा म्हणाली. "पोलिसांच्या आधी त्या."

३

प्रेमा वझे सत्तावन्न वर्षांच्या, विमा कंपनीत सर्व्हेअर. कुठे गोदाम जळलं, कुठे बंदरात माल भिजला, की या जातात, चष्मा कपाळावर चढवतात आणि लोकांना बोलू देतात. त्यांचं एकच अस्त्र, "बरं, मग?" भलेभले त्यापुढे गडबडतात.

त्या आल्या त्या थेट लिंबाकडे गेल्या आणि उचललं. धनेशने डोळे मिटून घेतले.

"उतरवून टाकलेलं लिंबू पिळतं का रे कोणी?" त्यांनी ते उलटं केलं. "आणि आतून काळं?"

आतली फोड पिळून चपटी झाली होती. तिच्यावर काजळी माखली होती आणि मिठाचे दोन-तीन खडे चिकटले होते. त्यांनी ते कागदी रुमालात बांधून पर्समध्ये टाकलं. "सकाळपासून पाच माणसं याला वळसा घालून गेली, म्हणून जागेवर राहिलं. अंधश्रद्धेचा हा एक उपयोग."

मग एकेकाला बोलावलं. पहिला अम्मार, हॉलचा ओमानी व्यवस्थापक. गेटवर त्याची खुर्ची असते आणि काल साडेसात वाजता कुलूप त्यानेच लावलं होतं.

"आखिर में दो लोग निकले," तो म्हणाला. "सात बजे रामकृष्ण, कंधे पे छोटा थैला. उसके बाद मिस्टर नाबर, हाथ खाली. इतना बड़ा बर्तन मेरे सामने से कैसे जाएगा? खलास, बर्तन अंदर है."

"अंदर ढूंढा?"

"किचन, स्टोअर, स्टेज के नीचे, बाथरूम, सब. वल्ला, पानी की टंकी में भी देखा."

विशाखा आली ती तक्रार घेऊनच. तिची चादर खराब झाली होती. शिवाय कुणीतरी तिच्या रंगसंगतीत ढवळाढवळ केली होती. प्रकाशनाच्या टेबलासाठी तिने खणाचं एक कापड काढून ठेवलं होतं, तिथे आता दोन होती, एकावर एक. "कुणी केलं विचारलं, तर नाबरकाका म्हणाले मीच. छान दिसतं म्हणाले. आजवर ज्यांनी घरी पडदा बदलला नाही त्यांना रंग कळायला लागले."

धनेश अजून अंतर राखून होता. "काल पुस्तकांचो खोको मीच गाडीतून आणलंय. नाबरसाहेबांची पाठ धरलेली, ते काडीसुद्धा उचलणत नाय. मी टेबलावर सपाट मांडलंलंय, ताई. ह्यो डोंगर माझो नाय."

प्रेमाताई टेबलाकडे वळल्या. खणाच्या कापडावर पुस्तकं पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेली होती आणि शेंड्यावर एक प्रत उभी होती. बघत राहावं असा देखावा होता.

"किती खोकी आणलीस?"

"एकच. पन्नास पुस्तकां."

"बरं," त्या म्हणाल्या आणि चष्मा कपाळावर चढवला. मला काहीच कळलं नाही.

शेवटी जयप्रकाशराव आले, खुर्चीत सावकाश टेकत. "पाठ फार धरलीय हो. कालपासून वाढलीय."

"काल काही उचललंत?"

"छे. मला डॉक्टरांची सक्त मनाई आहे."

"बरं, मग? तुम्ही शेवटपर्यंत थांबला होतात."

"भाषणाची तयारी करत होतो." त्यांनी खुर्चीत कंबर सावरली. "प्रेमाताई, स्पष्ट बोलतो. ते तपेलं माझ्या पुस्तकाचा जिवंत पुरावा होता. तो हरवल्याने माझंच नुकसान झालंय."

हे मात्र कुणालाही पटण्यासारखं होतं. प्रेमाताईंनी मान डोलावली, आणि मला वाटलं, संपलं. रामकृष्ण गेला.

४

रामकृष्ण मागच्या पायरीवर बसला होता. शेजारी त्याचा थैला, त्यात विळी आणि दोन सुऱ्या. प्रेमाताई त्याच्या शेजारीच पायरीवर बसल्या.

"थैला तुझा?"

"थैला माजा. सुऱ्या कंपनीच्या. हितं चमचापन कंपनीचा असतो ताई. खोली कंपनीची, गादी कंपनीची. कुनी इचारलं किसका है, की म्हनायचं कंपनी का. त्या तपेल्याचंच काय ते म्हनू शकत होतो, माजं हाय." त्याने थैल्याचं तोंड आवळलं. "तेपन गेलं."

"काल संध्याकाळी स्वयंपाकघरात कोण कोण आलं?"

"नाबरसाहेब आले. अर्धं लिंबू नि चिमूटभर मीठ मागितलं. घसा बसलाय म्हनाले."

"पाणी दिलंस?"

"इचारलं. नको म्हनाले. गिलासपन नको."

प्रेमाताईंनी पर्स उघडून कागदी रुमाल दाखवला. रामकृष्णने लिंबू पाहिलं आणि तो चटकन सरळ बसला. आचाऱ्याला काय सांगायचं?

"ह्याने तांबं घासलंय कुनीतरी."

"हो ना. घसा असा काळा नसतो," त्या म्हणाल्या. "सलील, ती काचेची पेटी उघड. किल्ली तुझ्याकडेच आहे ना?"

मी आत जाऊन पेटी उघडली आणि अहवाल बाहेर पायरीवर आणून दिला. त्यांनी अहवालाचं ते प्रसिद्ध पान वाचलं आणि उलटलं. इतके तास आम्ही सगळे एकच पान वाचत होतो, कारण पेटी बंद होती आणि अहवाल तिथेच उघडलेला होता. मग त्यांनी माझ्याकडे असलेली 'छावणीचे कारभारी'ची भेटप्रत मागून घेतली आणि पाच मिनिटं चाळली. एका पानाचा कोपरा दुमडला.

"आता सांग, पुरावा नाहीसा व्हावा असं कुणाला वाटेल?"

"ज्याच्या विरुद्ध असेल त्याला. म्हणजे रामकृष्णला."

"काल दुपारपर्यंत तो रामकृष्णच्या विरुद्ध होता. संध्याकाळी लिंबू घासलं, आणि पुरावा उलटला असेल तर? काजळीखाली काय असतं रे? तुझ्या आईच्या भांड्यांवर काठाखाली काय असायचं?"

मला आमच्या घरची मांडणी आठवली. प्रत्येक ताटावर, प्रत्येक कळशीवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं: अमक्याकडून तमक्यास भेट, सन अमुक. आमच्याकडे नाव घातल्याशिवाय भांडं कुणी कुणाला दिलंय का?

"मग तपेलं आहे कुठे?"

"मी तीस वर्षं मालाच्या थप्प्या बघतेय. वरून भरलेली आणि आत पोकळ थप्पी मला लांबून कळते." त्यांनी पुढे सांगितलं नाही. रामकृष्णच्या पाठीवर हात ठेवला. "आत जा, चणे फोडणीला घाल. पाच वाजेपर्यंत मला वेळ दे. आज सगळे तुझ्याच हातचं जेवणार आहेत."

"आणि नाय सापडलं तर?"

"तर मीही उपाशी जाईन."

तो उठला. पंचा पुन्हा कंबरेला बांधला.

५

पाच वाजता हॉल भरला. पार लांबच्या रुस्ताकपासून गाड्या करून लोक आले होते. बायका नऊवारीत, मुलं आपापसात इंग्रजीत. पाहुणे म्हणून आलेल्या दंतवैद्यांनी समई लावली. जयप्रकाशरावांनी पंचवीस मिनिटं भाषण केलं. सखारामपंतांची करडी शिस्त, गोऱ्यांवरचा वचक, आणि शेवटी, "ज्या भांड्याने हे सिद्ध केलं असतं ते आज दुर्दैवाने आपल्यात नाही. ते का नाही, हे सुज्ञांस सांगणे न लगे." लोक वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघू लागले. रामकृष्ण तिथेच उभा होता. तो हलला नाही.

प्रेमाताई माइकपाशी गेल्या. "इतकं सुंदर पुस्तक शेल्फावर राहणं बरं नाही. मंडळाने ठरवलंय, पन्नासच्या पन्नास प्रती आपण घेऊ आणि आत्ताच वाटू. या, रांगेने या."

मंडळाने असं काही ठरवलं नव्हतं. सेक्रेटरी मी आहे, मला माहीत असतं.

टाळ्या पडल्या. जयप्रकाशराव फुलले, आणि दुसऱ्याच क्षणी कोमेजले. "जेवणानंतर घेऊ ना," ते घाईने म्हणाले. "मांडणी बिघडेल."

"मांडणी बिघडू द्या हो," विशाखाने रांग लावायला सुरुवातही केली होती. तिला ते दोन खण कधीचे खुपत होते.

शेंड्यावरची प्रत पाहुण्यांनी घेतली. मग एकेक माणूस येऊन एकेक पुस्तक उचलू लागला. दहा, वीस, तीस. पुस्तकं कमी होत होती, पण डोंगर काही बसेना. चाळिसाव्या प्रतीला लोकांच्या लक्षात येऊ लागलं आणि हॉल शांत होत गेला. शेवटची प्रत धनेशने उचलली. टेबलावर एकही पुस्तक उरलं नव्हतं, आणि खणाचं कापड मात्र तसंच फुगलेलं होतं, गोल, हातभर रुंद.

"रामकृष्ण," प्रेमाताई म्हणाल्या, "ये. तुझं आहे, तूच काढ."

तो पंचाला हात पुसत आला आणि दोन्ही खण एकदम ओढले. खाली पालथं तपेलं. काळ्या काजळीत वीतभर पट्टा घासून लख्ख लाल केलेला, आणि त्यात ठिपक्यांची अक्षरं: 'तावडे यांस'.

रामकृष्ण वाकून बघत राहिला. मग धनेशला म्हणाला, "आतनं लिंबू आन. नि मीठ."

६

त्याने सगळ्यांसमोर घासलं. दोनशे माणसं आणि आवाज फक्त तांब्यावर मीठ घासल्याचा. काजळी उतरत गेली तशी अक्षरं दोन्हीकडे वाढत गेली. शेवटी त्याने पंचाने पुसलं आणि वाचलं. मराठी त्याला कुणी वाचून दाखवायची गरज नव्हती.

"गोपाळ विठोबा तावडे यांस छावणीच्या सर्व मंडळींकडून खुशीने भेट. सन १९१२."

त्याने पुन्हा एकदा, मोठ्याने वाचलं.

"भेट १९१२ ची," प्रेमाताई म्हणाल्या. "चोरीचा अहवाल १९१३ चा. वर्षापूर्वी भेट दिलेलं भांडं चोरीला कसं जाईल? पलटणीचा शिक्का होता, तेवढा आळ घ्यायला पुरला. पण आळ कशाला? अहवालाचं पुढचं पान उलटा. गोपाळ गेल्यावर मेसचं काम कुणाला मिळालं? भिकाजी रेगे. हा कोण? ते नाबरांच्याच पुस्तकात आहे, पान बेचाळीस. सखारामपंतांचा मेहुणा, त्यांच्याच घरी राहणारा. दोन्ही पुस्तकं दिवसभर या हॉलमध्ये होती. एकत्र कुणी वाचली नाहीत, इतकंच."

मग त्यांनी पर्समधून लिंबू काढून रिकाम्या टेबलावर ठेवलं. "काल शिक्का नीट दिसावा म्हणून कुणीतरी लिंबू घासलं, आणि नको ते दिसलं. गेटवर अम्मार, म्हणून दहा पावलांवरच लपवलं. पाठीला मनाई असताना."

सगळे जयप्रकाशरावांकडे बघत होते. मला वाटलं आता चिडतील. पण त्यांनी माइक घेतला.

"पुस्तक छापून झालं होतं," ते हळू म्हणाले. "चार वर्षं लिहीत होतो. काल ते नाव वाचलं आणि... मला पणजोबा सोडवेनात. खानसाम्याच्या चोरीचं पान, चव्वेचाळीस, खोटं आहे. गोपाळ तावडे चोर नव्हते. हा रामकृष्णही नाही. चूक माझी आहे."

टाळ्या कुणी सुरू केल्या माहीत नाही, पण सगळ्यांत शेवटी थांबलो तो मी. सकाळी मीही त्याला चोरच ठरवलं होतं. ते मी रामकृष्णला त्याच वेळी, तिथेच सांगितलं. तो म्हणाला, "म्हाईत हाय. तोंडावर दिसत हुतं."

मग जे झालं ते पाहायला तुम्ही हवे होतात. विशाखा आपली प्रत घेऊन जयप्रकाशरावांपुढे गेली आणि पेन धरलं. सही नको, दुरुस्ती हवी म्हणाली. तिच्यामागे धनेश, मग पाहुणे, मग सगळी रांग. पन्नास प्रतींत, पान चव्वेचाळिसावर, त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: 'गोपाळ विठोबा तावडे निर्दोष'. बसायला खुर्ची रामकृष्णनेच आणून दिली. वाचनालयांना जाणाऱ्या प्रतींत काय लिहायचं, ते आता सांगायची गरज नव्हती.

जेवायला सगळे बसले. चण्याची उसळ, वडे, सोलकढी. वाढताना रामकृष्ण जयप्रकाशरावांच्या पानापाशी थांबला. त्यांनी मान खाली घातली होती. त्याने दोन वडे वाढले आणि म्हणाला, "गरम हायत तवर खावा. पनजोबांचं भांडन पोटाशी कशाला?" प्रेमाताईंनी त्या दिवशी तीनदा वाढून घेतलं.

गुरुवारी विमानतळावर त्याला सोडायला मी गेलो. आणताना तपेलं गोणपाटात गुंडाळलं होतं. आता ते उघडंच होतं, चिंचेने घासून आरशासारखं, नाव बाहेरच्या बाजूला. सामान देताना काउंटरवरच्या माणसाने ते तांबं बोटाने वाजवून पाहिलं.

"ये किसका है?"

सव्वीस वर्षांची सवय होती. त्याचे ओठ 'कंपनी' म्हणायला उघडलेसुद्धा. मग त्याने तपेलं अर्धं फिरवलं आणि अक्षरांवर हात ठेवला.

"हमारा है," रामकृष्ण म्हणाला. "नाव घातलंय."